दार बंद, तरी ‘डोअर ओपन’: एका भट्टीच्या कंट्रोलरमधल्या चार रॉमची केस

भट्टी उष्मोपचाराची. लोखंडी भाग ठरलेल्या वेगाने ८००-८५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचे, तिथे ठरलेला वेळ धरून ठेवायचे आणि मग सावकाश खाली आणायचे, एवढंच तिचं काम. ते सांभाळणारा कंट्रोलर बराच जुना. बोर्डावरच्या बहुतेक चिपांवर ८९ने सुरू होणारा चार आकडी कोड होता, म्हणजे १९८९ सालातला अमुक आठवडा.

तक्रार अशी. सकाळी भट्टी नीट सुरू व्हायची. अर्धा-पाऊण तास गेला, पॅनेल आतून तापलं की डिस्प्लेवर ‘डोअर ओपन’ यायचं आणि हीटर बंद पडायचे. दार तर घट्ट लावलेलं. साहजिकच दाराचा लिमिट स्विच बदलला गेला. फरक पडला नाही म्हणून पुन्हा बदलला गेला. मग वायर नवी टाकली. शेवटी कोणीतरी पॉवर सप्लाय मोजला, तो ४.९५ व्होल्ट निघाला, आणि ‘थोडा वर असलेला बरा’ म्हणून ट्रिमर फिरवून ५.२ करून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून भट्टी सकाळीसुद्धा उठेना. डिस्प्लेवर दोनच शब्द: ‘रॉम एरर’. रॉम म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी मेमरी; यंत्राचा प्रोग्राम तिच्यात असतो.

या टप्प्यावर ते काम माझ्याकडे आलं. बोर्ड काढायच्या आधी भट्टीवरच्या ऑपरेटर काकांशी बोललो. ते म्हणाले, “मी यांना तेव्हाच सांगितलं होतं, पण कोणी मनावर घेतलं नाही. दार बंद असलं की ओपन म्हणायची, आणि मी वैतागून दार उघडलं की मेसेज जायचा!”

यावर आधी सगळे हसले होते म्हणे. मला मात्र इथेच थबकायला झालं. खराब स्विच कधी लागतो, कधी लागत नाही. सैल वायर थरथरते. पण दोघांपैकी कोणीही अर्थ बरोब्बर उलटा करत नाही. तापल्यावर रोज नेमाने ‘हो’चं ‘नाही’ होत असेल, तर गडबड तारेत नाही, तर्कात आहे. आणि या यंत्राचा तर्क एका चिपमध्ये लिहिलेला होता.

दार खरंच उघडं असताना हीटर चालू राहिले असते का, हा प्रश्न मला लगेच पडला. कंट्रोलरच्या भरवशावर असतं तर हो. पण त्याच स्विचचा दुसरा संपर्क थेट कॉन्टॅक्टरच्या (हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलमधून नेलेला होता, त्यात कुठलीही चिप नव्हती. ज्याने हे वायरिंग केलं त्याचा सॉफ्टवेअरवर विश्वास नसावा. तो अविश्वास कामी आला.

बोर्डावर कोण कोण होतं

प्रोसेसर ८०३१. हा ८०५१चाच भाऊ, पण वापरताना पोटात रॉम नसलेला. ८०५१मध्ये ४ किलोबाइटची मास्क रॉम आतच असायची, म्हणजे प्रोग्राम चिप बनवतानाच कारखान्यात छापून यायचा. हजारो एकसारखी यंत्रं काढणाऱ्याला ते परवडतं. पन्नास-शंभर भट्ट्या बनवणारा ८०३१ घेतो आणि प्रोग्राम बाहेरच्या चिपमध्ये ठेवतो. या एका निवडीतच रॉमच्या सगळ्या जातींचं मूळ आहे: मजकूर कोणी लिहायचा, कधी लिहायचा, आणि नंतर कोणाला तो बदलता आला पाहिजे.

या बोर्डावर त्या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं शेजारी शेजारी बसली होती. ‘रॉम एरर’ म्हटल्यावर चौघांवरही संशय घ्यायला हवा, पण सगळ्या उपसून काढायची गरज पडली नाही. दोघींना तर डिस्प्लेनेच निर्दोष सोडलं.

पहिली मास्क रॉम, आणि ती बोर्डावर दिसतही नव्हती. दोन ओळींच्या एलसीडीला चालवणारा एचडी४४७८० हा कंट्रोलर असतो. त्याच्या आत अक्षरांच्या ठिपक्यांचे आराखडे ९,९२० बिटांच्या मास्क रॉममध्ये कायमचे कोरलेले असतात: ५×८ ठिपक्यांची २०८ अक्षरं आणि ५×१०ची ३२. गुणाकार करून पाहा, बरोबर ९,९२० येतात. ‘ए’ हे अक्षर कसं दिसतं ते उद्या बदलणार नाही, म्हणून ते मास्क रॉममध्ये ठेवणं शहाणपणाचं. इथे बिट म्हणजे ट्रान्झिस्टर आहे किंवा नाही, किंवा जोड आहे किंवा नाही. साठवलेला भार वगैरे काही नसतो, त्यामुळे गळायलाही काही नसतं. डिस्प्लेवरची अक्षरं स्वच्छ होती. ही सुटली.

दुसरी ८२एस१२३, सोळा पायांची बायपोलर प्रॉम. ३२ शब्द, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे सगळे मिळून ३२ बाइट. एवढ्याशा जागेत प्रोग्राम मावत नाही आणि ती त्यासाठी नसतेच. प्रोसेसरने अमुक पत्ता काढला की डिस्प्लेला हाक मारायची की एडीसीला (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपला), हे ठरवणारं कोष्टक तिच्यात असतं. चार-पाच लॉजिकच्या चिपांचं काम ती एकटी करते, आणि तेही पन्नास नॅनोसेकंदांच्या आसपास. प्रॉममध्ये प्रत्येक बिटापाशी एक बारीक फ्यूज असतो. हवा तो जाळायचा, की झालं. जळलेला परत जोडता येत नाही, म्हणून एकदाच लिहिता येते. ही कल्पना चिपांच्याही आधीची: १९५६ साली अमेरिकेत ॲटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठी वेन त्सिंग चाउ यांनी ती मांडली, कारण लक्ष्याचे आकडे प्रत्यक्ष जागेवर भरायचे होते आणि नंतर ते हलता कामा नयेत अशी अट होती.

प्रॉमलाही एक जुनं दुखणं आहे. सुरुवातीच्या निक्रोमच्या फ्यूजमध्ये जळून तुटलेली फट काळाने पुन्हा जुळल्याची उदाहरणं आहेत. म्हणून तिलाही मी संशयितांत धरलं होतं. पण डिस्प्लेपर्यंत संदेश पोचत होता तो याच प्रॉमच्या परवानगीने. तिचं कोष्टक बिघडलं असतं तर ‘रॉम एरर’ एवढं सांगायलाही डिस्प्ले मिळाला नसता.

तिसरी ९३सी४६, आठ पायांची सीरियल ईईप्रॉम. १,०२४ बिट. ऑपरेटरने भरलेलं तापमान, धरून ठेवायचा वेळ, कॅलिब्रेशनचे दोन आकडे, एवढंच तिच्यात. ईईप्रॉम विजेनेच लिहिते आणि विजेनेच पुसते, तेही बोर्डावर बसल्या बसल्या, एकेक शब्द. मात्र प्रत्येक लिखाणात पातळ ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ढकलले जातात आणि तो थर थोडा थोडा झिजतो. एक लाख वेळा लिहिण्याची हमी धरली आणि प्रोग्रामर मंडळींनी हौसेने दर सेकंदाला तापमान नोंदवायचं ठरवलं, तर दिवसाला ८६,४०० वेळा होतात. म्हणजे सव्वा दिवसाच्या आतच हमी संपली. या यंत्राचा प्रोग्राम लिहिणारा शहाणा होता: ‘सेव्ह’ दाबल्याशिवाय तो ईईप्रॉमला हात लावत नव्हता. भरलेले आकडे जागच्या जागी होते.

उरली चौथी, आणि सगळ्यात मोठी. २७सी२५६, अठ्ठावीस पाय, ३२ किलोबाइट, सॉकेटमध्ये बसवलेली ईप्रॉम, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम. प्रोग्राम हिच्यात. पॅनेलचं दार पारदर्शक ॲक्रिलिकचं, वर ट्यूबलाइट, बाजूला खिडकी. आणि ईप्रॉमच्या पाठीवरची गोल काचेची खिडकी उघडी, तिच्यावरचं कागदी लेबल वाळून गळून पडलेलं. ते मला पॅनेलच्या तळाशी धुळीत सापडलं. त्यावर आवृत्तीचा आकडा अजून वाचता येत होता.

खिडकी कशासाठी असते

१९६७ साली बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी फ्लोटिंग गेटची कल्पना मांडली: ट्रान्झिस्टरच्या आत चारी बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेलं, कशालाही न जोडलेलं गेट. त्यावर इलेक्ट्रॉन कोंबले की ते तिथेच अडकून राहतात. इंटेलमध्ये दोव्ह फ्रोमन चिपांमधला एक बिघाड तपासत होते, ज्यात गेटचे जोड तुटून ती अधांतरी राहत होती. त्या बिघाडाकडे बघता बघता त्यांना मेमरी दिसली. १९७१ साली १७०२ ही पहिली ईप्रॉम आली, २,०४८ बिटांची.

अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे तर त्यांना ऊर्जा द्यावी लागते. २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ती देतो. साध्या काचेतून तो जात नाही, म्हणून खिडकी क्वार्ट्झची, आणि म्हणून महागडं सिरॅमिक आवरण. नेहमीच्या इरेझर दिव्याखाली, अडीच सेंटिमीटर अंतरावर, पंधरा-वीस मिनिटांत चिप कोरी होते.

पण ४०० नॅनोमीटरच्या खालचा कुठलाही प्रकाश थोडं थोडं हेच काम करतो. कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये सरळ लिहिलेलं असतं: थेट उन्हात साधारण आठवड्याभरात, आणि खोलीतल्या ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात साधारण तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. म्हणून अपारदर्शक लेबल लावा. आपल्याकडे लेबल लावतात ते आवृत्ती लिहायला, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो कागद म्हणजे खरं तर झाकण आहे, आणि साध्या कागदाच्या झाकणाचा भरवसा नाही. ज्याच्या पाठीला धातूचा वर्ख असतो ते लेबल हवं.

आता मुख्य गोष्ट. २७ मालिकेच्या ईप्रॉममध्ये कोऱ्या चिपचा प्रत्येक बिट १ असतो. प्रोग्राम करणं म्हणजे हव्या त्या बिटांवर इलेक्ट्रॉन कोंबून त्यांचा ० करणं. तेव्हा भार गळला तर ०चा १ होईल. १चा ० कधीच होणार नाही, कारण आपोआप भार भरला जात नाही. म्हणजे या चिपच्या विसरण्याला दिशा आहे, आणि बिघाड तिच्यातलाच आहे की बाहेरच्या गोंगाटाचा, हे त्या दिशेवरून ओळखता येतं.

वाचन

प्रोग्रामरमध्ये, म्हणजे चिपा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात, चिप घातली आणि ५.० व्होल्टवर दहा वेळा वाचली. दहा फाइली एकसारख्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत.

कोणती बरोबर हे कसं ठरवणार? यंत्र स्वतःच ‘रॉम एरर’ म्हणत होतं, म्हणजे कुठेतरी ते बेरीज तपासत असणार. फाइलच्या पहिल्याच पत्त्यावर ०२ होतं, ८०३१ची लांब उडी. ती उडी जिथे जाते तिथून डिसअसेंबल करत, म्हणजे आकड्यांच्या परत आज्ञा करत गेलो. थोडं पुढे ९३ आणि ए३ ही जोडी एका फेऱ्यात सापडली: रॉममधला बाइट उचल, पत्ता एकने वाढव. सगळ्या बाइटांची सोळा बिटांची बेरीज करून ती शेवटच्या दोन बाइटांत लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडायची, असा साधा हिशेब. (तपासणारा प्रोग्राम त्याच चिपमध्ये, जिची तपासणी चालली आहे! बिघाड त्या पाच-दहा बाइटांत झाला असता तर सगळंच मुसळ केरात.)

आता दहा फाइलींची बेरीज केली. तिघींची जुळली. पाचांची १६ने जास्त आली. दोघींची २०ने जास्त. कमी एकीचीही नाही. विसरण्याची दिशा स्पष्ट दिसली.

मग व्होल्टेज बदलून पाहिलं. ईप्रॉम वाचताना फ्लोटिंग गेटच्या वरच्या, बाहेर जोडलेल्या गेटवर साधारण पुरवठ्याइतकंच व्होल्टेज येतं. भरलेल्या सेलचा (एका बिटाच्या ट्रान्झिस्टरचा) उंबरठा, म्हणजे ती वाहू लागते ते व्होल्टेज, त्याहून वर असेल तर ती वाहत नाही, आणि ० वाचला जातो. भार गळत गेला की उंबरठा खाली सरकतो. तो पाच व्होल्टच्या आसपास आला की सेल कुंपणावर बसते: पुरवठा जरा वाढला तर १, जरा घटला तर ०. तापमान वाढल्यावर ट्रान्झिस्टरचा उंबरठा आणखी किंचित उतरतो, म्हणून पॅनेल तापल्यावरच दुखणं उठत होतं.

५.२ व्होल्टवर प्रत्येक वाचन २०ने जास्त आलं. ५.५वर तर ३८ बाइट बिघडलेले निघाले, म्हणजे आज ना उद्या नंबर लागणाऱ्या कमकुवत सेल किती रांगेत उभ्या होत्या तेही कळलं. ४.५वर दहाच्या दहा फाइली तंतोतंत एक, आणि बेरीज जुळलेली. ४.२वरही तीच फाइल.

थोडक्यात, ज्या भल्या माणसाने पुरवठा ४.९५वरून ५.२ केला, त्याचं औषधच बाधलं होतं. पुरवठा कमी पडला की डिजिटल सर्किट बहकतं हा अनुभव खरा आहे, आणि दहातल्या नऊ वेळा तो ट्रिमर फिरवणं बरोबर ठरलं असतं. गळणारी ईप्रॉम हा दहावा प्रकार. मी मूळ चिप परत बोर्डात घालून पुरवठा ४.८वर आणला, तर यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि तासभर तापवूनही दाराचं नाव काढलं नाही. इथे निदान पक्कं झालं. ४.८वर सोडून निघून येण्याचा मोहही झाला, खोटं कशाला बोलू. पण तो इलाज म्हणजे गळक्या छपराखाली बादली.

ते दोन बिट

१६ आणि ४. बेरीज कधी १६ने, कधी २०ने चुकत होती, म्हणजे दोन बिट डळमळत होते. ५.२ची आणि ४.५ची फाइल शेजारी ठेवली आणि दोन्ही पत्ते सापडले.

पहिल्या पत्त्यावर हेक्स (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) २० असायला हवं होतं, ते ३० झालं होतं. ००१० ००००चं ००११ ००००. ८०३१च्या भाषेत २० म्हणजे ‘हा बिट १ असेल तर उडी मार’ आणि ३० म्हणजे ‘हा बिट १ नसेल तर उडी मार’. पुढे कोणता बिट तपासला जातोय ते पाहिलं. दाराचा. उडी कुठे जातेय ते पाहिलं. हीटर बंद करून ‘डोअर ओपन’ छापणाऱ्या भागाकडे.

काकांनी सांगितलेलं शब्दशः खरं होतं. ३२ किलोबाइटमधल्या, म्हणजे २,६२,१४४ बिटांतल्या एका बिटाने अट उलटी केली होती. बिटाने हाच पत्ता निवडावा हा निव्वळ योगायोग, पण ८०३१ची आज्ञावलीच अशी आहे की अटींच्या जोड्यांत एकाच बिटाचा फरक असतो: ६० आणि ७० हे ‘शून्य असेल तर’ आणि ‘शून्य नसेल तर’, ४० आणि ५० हे कॅरीचं तसंच. चिप बनवणाऱ्यांना ते सोपं पडतं, दुरुस्ती करणाऱ्याच्या छातीत मात्र धडकी भरते.

आणि बेरजेची तपासणी हे का पकडत नव्हती? कारण ती फक्त यंत्र चालू होताना, थंड असताना व्हायची. तेव्हा बिट जागेवर असायचा.

दुसरा बिट बघायला मला जास्त मजा आली. तो कोडमध्ये नव्हता, थर्मोकपलच्या (तापमानानुसार बारीक व्होल्टेज देणाऱ्या तारांच्या जोडीच्या) कोष्टकात होता. दर काही अंशांना किती मिलिव्होल्ट, हे १० मायक्रोव्होल्टच्या एककात लिहिलेलं. त्या नोंदीत ३,३२८च्या जागी ३,३३२ दिसत होतं. के प्रकारच्या थर्मोकपलमधून ८०० अंशांना ३३.२८ मिलिव्होल्ट मिळतात, हे छापील कोष्टकांत कोणीही पाहू शकतं. म्हणजे ३,३२८ बरोबर आणि वाढीव ४ चूक. या प्रकारच्या थर्मोकपलचा हिशेब अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, तेव्हा ४० मायक्रोव्होल्टची चूक म्हणजे ८००च्या आसपास जवळजवळ एक अंश. भट्टी दाखवतेय त्यापेक्षा एक अंश जास्त तापत असणार. या कामात तेवढ्याने काही बिघडत नाही.

पण मला यातून एक साक्षीदार मिळाला. बेरीज जुळणं हा पुरावा आहे, शंभर टक्के नाही. एक बिट १६ने चढला आणि दुसरीकडे तेवढीच उलटी चूक झाली तर बेरीज गप्प बसते. इथे चुका एकाच दिशेच्या असल्यामुळे त्या एकमेकींना खोडू शकत नव्हत्या, हे एक. आणि कोष्टकातली नोंद चिपच्या बाहेरच्या जगाशी ताडून पाहता आली, हे दुसरं. एवढ्यावर मी ४.५ व्होल्टची फाइल मूळ प्रत म्हणून मान्य केली.

नवी चिप कोणती

इथे बराच खल झाला, कारण सुचवणारे बरेच होते.

‘ईईप्रॉम टाका, २८सी२५६. तेवढेच पाय, तेवढीच जागा, दिव्याची कटकट नाही.’ दिसायला जुळी बहीण, पण दोन पाय फसवे. २७सी२५६मध्ये २७व्या पायावर ए१४ हा पत्ता असतो. २८सी२५६मध्ये तिथे ‘लिही’ ही आज्ञा असते (रेषा ० झाली की ती लागू होते) आणि ए१४ पहिल्या पायावर. या बोर्डावर चिपची निवडरेषा कायम जमिनीला (० व्होल्टला) जोडलेली होती, म्हणजे चिप सतत निवडलेलीच. म्हणजे पत्ता खालच्या अर्ध्यात गेला आणि वाचनाची रेषा क्षणभर वर असली, की चिप समजणार काहीतरी लिहायचं आहे, आणि बसवर (चिपांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर) जो कचरा असेल तो लिहून घेणार. जी मेमरी बदलू नये म्हणून एवढा खटाटोप, तिला स्वतःलाच पुसायचा हक्क द्यायचा.

२७सी५१२ चालली असती. तिचा पहिला पाय ए१५ असतो. २७सी२५६च्या सॉकेटमध्ये तो पाय सहसा पाच व्होल्टला बांधलेला, त्यामुळे फक्त वरचा अर्धा भाग वाचला जातो. फाइल दोन्ही अर्ध्यांत लिहून टाकली की काम होतं. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण लहान चिपा मिळेनाशा होतात.

मी घेतली खिडकी नसलेली २७सी२५६. आत तीच सिलिकॉन, बाहेर साधं प्लास्टिक, म्हणून पुसता येत नाही. एकदाच लिहा. ईप्रॉमच्या खर्चातला मोठा वाटा सिरॅमिक आणि क्वार्ट्झचा असल्याने खिडकी गेली की चिप स्वस्त होते, आणि उजेडाचा प्रश्नच मिटतो. ज्या प्रोग्राममध्ये तीस वर्षांत बदल झाला नाही त्याला पुसण्याची सोय कशाला हवी? शिवाय ‘एकदाच’ हेही पूर्ण खरं नाही. १चा ० केव्हाही करता येतो. ८०३१मध्ये ‘काही करू नको’ ही आज्ञा ०० आहे, म्हणजे नको असलेली कुठलीही आज्ञा नंतरही निकामी करता येते. घाईच्या वेळी हे उपयोगी पडतं.

फ्लॅश का नाही, असंही एकाने विचारलं. तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश आणली, १९८४ साली नॉर प्रकार जाहीर केला, १९८७ साली नँड, आणि आज पेन ड्राइव्हपासून मायक्रोकंट्रोलरच्या पोटापर्यंत तीच आहे. वारंवार सुधारायचं असेल तर तिला तोड नाही. पण सुधारता येणं म्हणजे बिघडवता येणंही. १९९८ साली आलेल्या सीआयएच व्हायरसने पुढच्या वर्षी २६ एप्रिलला लोकांच्या संगणकांतली फ्लॅशमधली बायोस (संगणक सुरू करणारा प्रोग्राम) खोडून टाकली, ती तिथे लिहिता येत होती म्हणूनच. उलट टोक फोनमध्ये दिसतं. आयफोन चालू होताना पहिला कोड मास्क रॉममधून येतो, कोणाला बदलता येऊ नये म्हणून. २०१९ साली ए५ ते ए११ चिपांच्या त्या कोडमध्ये चेकएम८ हे भगदाड सापडलं, आणि विकल्या गेलेल्या फोनांत ते बुजवता येईना, त्याच कारणासाठी. भट्टीला इंटरनेट नाही, नव्या आवृत्त्या नाहीत. तिला न बदलणारी मेमरी पुरते.

दोन प्रती जाळल्या, म्हणजे दोन नव्या चिपांवर फाइल लिहिली. जाळताना प्रोग्रामर चिपचा पुरवठा ६ व्होल्टच्या वर नेऊन पडताळणी करतो. आता त्याचं कारण सांगायला नको: ६ला जो ० टिकतो तो ५ला आरामात टिकतो.

मग जुन्या चिपकडे वळलो. तिला दिव्याखाली घालायची गरजच नव्हती. कोरी आहे का ही तपासणी बंद करून तीच फाइल तिच्यावर पुन्हा लिहिली. गळालेल्या सेलमध्ये नव्याने इलेक्ट्रॉन भरले गेले, १ होते ते १च राहिले. त्यानंतर ५.५ व्होल्टवरही एकही बिट हलला नाही. खिडकीवर वर्खाचं लेबल चिकटवलं, त्यावर आवृत्ती आणि बेरीज लिहिली, आणि चिप काळ्या फोममध्ये खोचून सुटा भाग म्हणून दिली.

पुरवठा ५.० वर आणून ट्रिमरवर लाखेचा ठिपका दिला. भट्टी दिवसभर तापवली. काकांनी मुद्दाम चार वेळा दार उघडून पाहिलं. उघडल्यावर ‘डोअर ओपन’, लावल्यावर गप्प.

आधी काढून ठेवलेले दोन्ही लिमिट स्विच मी निघताना मीटरवर तपासले. दोन्ही चांगले निघाले. ते आता जुन्या ईप्रॉमच्या शेजारी, त्याच खोक्यात आहेत.